नंदिकट, लट्टलूर आणि निर्जन बेटाची कथा

जहाज फुटल्यावर एखाद्या फळीच्या आधाराने अनोळखी किनाऱ्याला लागलेल्या आणि तेथे एकट्याने आयुष्य उभे करावे लागलेल्या माणसाची कथा बहुतेक सर्व दर्यावर्दी समाजांत सापडते. तथापि तिचा इतिहास सांगताना अभ्यासकांची दृष्टी साधारणतः दोनच परंपरांवर खिळलेली असते. एक अरबी, जिच्यात सिंदबादच्या सात सफरी आणि इब्न तुफैल या अंदलुसी, म्हणजे मुस्लिम अमलाखालील स्पेनमधील, तत्त्वज्ञाची ‘हय्य इब्न यक्जान’ ही कथा येते; आणि दुसरी पाश्चात्त्य, जिचा आरंभ डॅनियल डिफोच्या १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’पासून धरला जातो. हय्यचे लॅटिन भाषांतर आधी झाले आणि क्रूसो नंतर आला, एवढ्या एका दुव्यावर या दोहोंचे नाते तपासले जाते, आणि त्यात हिंदुस्थानचे नाव आलेच तर ते कथेत येणाऱ्या एका दूरच्या ठिकाणाचे म्हणून येते. प्रत्यक्षात या कथेच्या जडणघडणीत दख्खनच्या पठाराचा वाटा मोठा आहे, आणि त्यातही ज्या भागाला आज मराठवाडा म्हणतात त्याचा. नांदेड आणि लातूर हे जिल्हे पूर्व-पश्चिम अशा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. गोदावरी, मांजरा आणि तेरणा यांच्या काठच्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु समुद्रावर जाणारा माल याच काठांवरून निघत असे, आणि जो माल पाठवतो त्याला जहाज फुटल्याची वार्ता नाखव्याइतकीच जिव्हारी लागते. बेटाची कथा जेवढी तारू हाकणाऱ्यांची, तेवढीच ती माल पाठवून वाट पाहत बसणाऱ्यांची आहे, असे मानण्यास या प्रदेशाचा इतिहास भरपूर आधार देतो.

पहिला आधार व्यापाराचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन पेठांचा उल्लेख आहे. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून जाडेभरडे कापड, मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून आलेला माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेला जातो, असे त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजे तेरणेच्या काठचे तेर होय. ते आज धाराशिव जिल्ह्यात आहे आणि लातूरहून फार दूर नाही. १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्याचा भाग होते. ज्या सातवाहनांच्या अमलात हा व्यापार भरभराटीला आला, त्यांची शिशाची काही नाणी पूर्व किनाऱ्याच्या परिसरात सापडली असून त्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. नखाएवढ्या जागेत कारागिराने डोलकाठ्यांना बांधलेले दोरखंड आणि सुकाणूची वल्ही दाखविली आहेत. पैठणसारख्या भूवेष्टित नगरीशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या घराण्याने जहाज हे आपल्या नाण्यावरचे चिन्ह म्हणून निवडावे, ही बाब बोलकी आहे.

दुसरा आधार चित्राचा. वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात नंदिकट या विभागाचे नाव येते आणि अभ्यासक ते नांदेड मानतात. नांदेडचा लेखी इतिहासातील हा अगदी आरंभीचा उल्लेख आहे. याच शाखेतील हरिषेणाच्या काळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या एका मांडलिकाने अजिंठ्याचे सतरावे लेणे कोरविले, आणि त्याच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांची एक संपूर्ण कथा रंगविली गेली. ती सिंहलावदान या नावाने ओळखली जाते; अवदान म्हणजे पुण्यकृत्याची बौद्ध कथा. सिंहल नावाचा सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा प्रमुख, पाचशे व्यापाऱ्यांसह समुद्रावर जातो, जहाज फुटते, आणि वाचलेल्यांना एका बेटावरच्या सुंदर स्त्रिया आसरा देतात. त्या वस्तुतः राक्षसिणी असतात आणि आधीच्या फुटलेल्या जहाजांतील माणसे त्यांनी कैदेत ठेवून खाल्लेली असतात. सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आकाशमार्गाने जाणाऱ्या एका शुभ्र घोड्याच्या पाठीवर बसायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. तेवढे पथ्य एकट्या सिंहलाला पाळता येते. अजिंठ्याच्या चित्रकाराने या कथेतले एकाकीपण बाजूला ठेवून तिच्यातली गर्दी रंगविली आहे: महाल, शय्या, मद्यपात्रे, भेदरलेली माणसे, आणि शेवटी सिंहल राजा होऊन बेटावर चाल करून जातो तेव्हा नावांत उभे केलेले हत्ती. हत्तींच्या भाराने नावा किती खोल जातील याचा हिशेब चित्रकाराने केला नसावा; तथापि त्याच्यासमोरच्या भाविकांपैकी अनेकांनी समुद्र पाहिलेलाच नसणार, आणि त्यांना हत्ती अचूक ओळखता येत होता. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात बोधिसत्त्व अवलोकितेश्वराभोवती कोरलेल्या आठ महाभयांतही फुटणारे जहाज आहे, आणि तेथे ते आग, चोर, सिंह, साप अशा भूमीवरच्या भयांच्या रांगेत बसविलेले आहे. मराठवाड्याच्या माणसाच्या भीतीच्या यादीत समुद्राला फार जुन्या काळापासून जागा होती, याचे याहून ठळक प्रमाण शोधण्याची गरज नाही.

कथावाङ्मयाकडे वळले की गोदावरीचा काठ पुन्हा भेटतो. परंपरेनुसार गुणाढ्याने सातवाहन राजाच्या काळी, प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, परिसरात, पैशाची या प्राकृत बोलीत ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती झिडकारली तेव्हा त्याने ती वनातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकले आणि सात लक्ष श्लोकांपैकी एकच लक्ष वाचले. या आख्यायिकेत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. मूळ ग्रंथ मात्र खरोखरच नष्ट झाला आहे, आणि बुडालेल्या गलबतातल्या पेट्या निरनिराळ्या किनाऱ्यांना लागाव्यात तसे त्याचे अंश काश्मिरात, नेपाळात आणि जैनांच्या प्राकृत वाङ्मयात मिळाले. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तील शक्तिदेव कनकपुरीच्या शोधात निघतो, त्याचे जहाज फुटते, मासा त्याला गिळतो, त्यातून वाचून तो पुन्हा निघतो तेव्हा दुसरे तारू भोवऱ्यात सापडते आणि तो समुद्रावर वाकलेल्या एका वडाची फांदी पकडतो. रात्री त्या वडावर प्रचंड पक्षी वस्तीला येतात, त्यांचे बोलणे ऐकून तो एकाच्या पिसांत लपतो आणि सकाळी इष्ट नगरीत उतरतो. नेपाळात हस्तलिखित सापडलेल्या बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त सानुदासाची, आणि संघदासगणीच्या ‘वसुदेवहिंडी’ या जुन्या महाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथात चारुदत्ताची कथा याच घडणीची आहे. तेथे व्यापारी बोकडाच्या कातड्यात स्वतःला शिवून घेतात, भारुंड नावाचा महापक्षी त्यांना मांस समजून उचलतो आणि रत्नद्वीपाकडे नेतो. सिंदबादच्या दुसऱ्या सफरीत हिऱ्यांच्या दरीत मांसाचे तुकडे फेकले जातात आणि सिंदबाद त्यातल्या एकाला स्वतःला बांधून पक्ष्याकरवी वर येतो, हे ज्याने वाचले आहे त्याला या दोन प्रसंगांचे नाते सांगावे लागत नाही. कोणत्या हस्तलिखितातून कोणते हस्तलिखित निघाले अशी वंशावळ मांडता येण्याजोगी ही सामग्री नाही. बंदरांवरच्या मुक्कामांत दोन्हींकडची माणसे एकत्र बसत होती, एवढे समजले की पुरेसे होते.

जैन परंपरेतील एक ग्रंथ येथे थोडा अधिक थांबून पाहण्याजोगा आहे. उद्द्योतनसूरीने ७७९ साली मुख्यतः महाराष्ट्री प्राकृतात पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या कथेत शूर्पारक, म्हणजे वसईजवळचे सोपारा, येथील व्यापाऱ्यांच्या बैठकीचे वर्णन आहे. नवा आलेला व्यापारी कोणत्या देशातून आला, काय घेऊन गेला आणि काय कमावून परतला, हे त्या बैठकीत सांगण्याचा रिवाज होता. एक जण सांगतो की आपण कडुनिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेलो आणि त्यांच्या बदल्यात रत्ने आणली. ते ऐकून लोभदेव नावाच्या व्यापाऱ्याला रत्नद्वीपाची ओढ लागते. परतीच्या वाटेवर तो आपल्या भागीदाराला समुद्रात ढकलतो, पुढे त्याचे जहाज फुटते आणि तो फळीच्या आधाराने अशा बेटावर पोहोचतो, जेथील लोक सोने बनविण्यासाठी त्याचेच रक्तमांस काढून घेतात. याच ग्रंथात कुडंगद्वीपाचा दृष्टांत आहे. वेगवेगळ्या जहाजांतून वाचलेले तीन पुरुष त्या ओसाड बेटावर एकत्र येतात आणि उंच झाडावर वल्कल बांधून ‘येथे जहाज फुटलेली माणसे आहेत’ अशी खूण करतात. कोणा व्यापाऱ्याच्या दृष्टीस ती पडते आणि तो त्यांना नेण्यासाठी माणसे पाठवितो, परंतु बेटावरच्या झुडपाला पुढे फळ येईल या आशेने त्यातला एक जण नावेत बसायलाच तयार होत नाही. बेट म्हणजे संसार, आणि न्यायला आलेले नावाडी म्हणजे धर्मोपदेशक, असा त्याचा अर्थ ग्रंथकार स्वतःच लावतो. दृष्टांताचा अर्थ पारमार्थिक असला तरी झाडावरची खूण व्यवहारातली आहे. किनाऱ्याला लागलेल्याने उंचावर फडके बांधावे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्याने ते पाहून नाव पाठवावी, हा समुद्रावरचा शिष्टाचार संस्कृत-प्राकृत कथांत गृहीत धरलेला असतो. त्यामुळे या कथांतले बेट जगाच्या बाहेर कधीच नसते. ते रहदारीच्या वाटेवरचे संकट असते आणि त्यातून बाहेर पडणे हे उदीमाच्या रीतिरिवाजावर सोपविलेले असते. क्रूसोच्या बेटाशी तुलना करताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

शीर्षकातले लट्टलूर या कथेत अरबांच्या संदर्भात येते. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर या नगरीचे अधिपती म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकारांत सर्वसाधारणपणे मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथेही याच घराण्याचा शिलालेख आणि जगत्तुंगसमुद्र हे नाव मिळालेला विस्तीर्ण तलाव आहे. राजधानी पुढे मान्यखेटाला, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडला, स्थिरावली तरी कुळाची ओळख लट्टलूरचीच राहिली. या राजांना ‘वल्लभराज’ अशी पदवी होती आणि तिचे अरबांनी ‘बल्हरा’ केले. ८५१ सालच्या ‘अखबार अस-सीन वल-हिंद’ या चीन-हिंदविषयक वृत्तांतात जगातील चार थोर राजांत बल्हराची गणना आहे आणि अरबांना इतका मान देणारा दुसरा हिंदी राजा नाही असेही म्हटले आहे. इराणी आखातातील सिराफ आणि बसरा येथून निघालेली जहाजे ठाणे, सोपारा आणि सैमूर, म्हणजे चौल, येथे लागत. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चौलला आलेल्या अल-मसूदीने तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे आणि राजाचे नाव झंझ असल्याचे नोंदविले आहे; हा झंझ म्हणजे राष्ट्रकूटांचा मांडलिक असलेला उत्तर कोकणचा शिलाहार राजा.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या, ताम्रपटाने या संबंधाला एक चेहरा दिला. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे सोपविला होता, असे हा लेख सांगतो. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. या अधिकाऱ्याने किनाऱ्यावरच्या वेलाकुलांना, म्हणजे बंदरांना, वचकात आणले, दोन प्रवाहांवर विनामूल्य तर, म्हणजे होडीची ने-आण, चालू केली आणि संजाणात अन्नसत्र उघडले, जेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट वाढले जाई. समुद्रावरून आलेल्या थकल्याभागल्या माणसासाठी फुकट तर आणि तूपभात यांची सोय एका अरब अधिकाऱ्याने लट्टलूरच्या कुळाच्या नावाने करावी, हे दृश्य कोणत्याही कल्पित सफरीहून कमी नाही. याच शतकाच्या मध्यास बुजुर्ग इब्न शहरियार या खलाशाच्या नावावर असलेला ‘अजाइब अल-हिंद’ हा हिंदच्या नवलकथांचा संग्रह तयार झाला. त्यात सैमूरच्या मुसलमानांचा प्रमुख नावानिशी येतो, जहाजे फुटतात, आणि निर्जन बेटावर सापडलेली माणसे प्रचंड पक्ष्याच्या पायांना धरून मनुष्यवस्तीला पोहोचतात. सिंदबादच्या सफरी अशा खलाशी कथांतूनच आकाराला आल्या. त्या मुळात ‘अरेबियन नाइट्स’चा भागही नव्हत्या, फ्रेंच पंडित आंत्वान गालां याने अठराव्या शतकाच्या आरंभी त्या स्वतंत्र हस्तलिखितातून घेऊन आपल्या भाषांतरात घातल्या.

सिंदबाद प्रत्येक सफरीनंतर बगदादला परततो, अधिक श्रीमंत होतो आणि देवाचे आभार मानतो. अरबी परंपरेतला दुसरा, अधिक धाडसी प्रवाह मात्र परतीचा विचारच सोडून देतो. इब्न तुफैल हा मोरोक्को आणि अंदलुस येथे राज्य करणाऱ्या अल-मुवह्हिद घराण्याच्या दरबारातील वैद्य. तो ११८५ साली मराकेश येथे वारला. त्याच्या कथेतील हय्य, ज्याच्या नावाचा अर्थ ‘जागृताचा पुत्र जिवंत’ असा आहे, तो हिंदच्या बेटांपैकी विषुववृत्ताखालच्या एका बेटावर वाढतो. तो तेथे कसा आला याविषयी लेखक दोन मते देतो: एकानुसार मातीच्या आंबवणातून तो आपोआप जन्मला, दुसऱ्यानुसार एका राजकन्येने त्याला पेटीत घालून समुद्रात सोडले. हरिणीच्या दुधावर तो वाढतो. हरिणी मरते तेव्हा तिला पुन्हा उठविण्याच्या आशेने तो धारदार दगडाने आणि वेळूच्या कांबीने तिची छाती उघडतो, हृदयापर्यंत पोहोचतो, त्यातला एक कप्पा रिकामा पाहतो, आणि जिने आपल्याला वाढविले ती हे शरीर नव्हे, तर येथून निघून गेलेले काही तरी होते, अशा निष्कर्षाला येतो. पुढे एक कावळा दुसऱ्या मेलेल्या कावळ्याला पुरताना पाहून तो हरिणीला माती देतो. मातृशोकापासून शरीरशास्त्राकडे, आणि तेथून आत्म्याच्या प्रश्नाकडे जाणारी ही वाट कोणत्याही भाषेतल्या तत्त्वचिंतनपर कथेत क्वचितच इतक्या करुणेने आखली गेली असेल. हय्य अग्नी, तारे, विश्वाच्या नित्यतेचा प्रश्न आणि अखेर ईश्वर या सर्वांपर्यंत केवळ बुद्धीच्या बळावर पोहोचतो; शेजारच्या बेटावरून एकांत शोधत आलेला अबसाल त्याला भाषा शिकवितो तेव्हा दोघांना कळते की एकाला विचाराने आणि दुसऱ्याला धर्मग्रंथाने सापडलेले सत्य एकच आहे. ते सत्य लोकांना सांगण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसतो आणि दोघे बेटावर परततात. पुढच्या शतकात कैरोत १२८८ साली वारलेल्या इब्न अन-नफीस या वैद्याने, ज्याने फुफ्फुसांतून होणारे रक्ताभिसरण प्रथम सांगितले, या कथेला उत्तर म्हणून कामिल नावाच्या बेटवासीयाची कथा लिहिली. त्यात बेटाला लागलेल्या जहाजातील माणसे कामिलला वस्त्र आणि शिजविलेले अन्न देतात, आणि माणसाला माणसांवाचून भागत नाही हे त्याला तेव्हा उमगते. दोन वैद्यांमधला हा वाद बेटाच्या कथेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाद आहे, कारण त्यात प्रश्न सुटकेचा नसून माणूस मुळात कशाने बनतो याचा आहे.

एडवर्ड पोकॉक या ऑक्सफर्डच्या अरबीच्या प्राध्यापकाने अलेप्पोच्या वास्तव्यात हस्तलिखिते जमविली होती. त्याच्या मुलाने १६७१ साली हय्यची कथा मूळ अरबीसह लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती १६७४ आणि १६८६ मध्ये लॅटिनवरून, आणि १७०८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे महानिर्वाण झाले त्या वर्षी, सायमन ऑकलीने थेट अरबीवरून आणली. क्रूसो त्यानंतर अकरा वर्षांनी आला. डिफोने हय्य वाचल्याचा थेट पुरावा नाही. चार वर्षांहून अधिक काळ पॅसिफिकमधील बेटावर एकटा राहून १७०९ साली सुटलेल्या अलेक्झांडर सेलकर्कची हकीकत मात्र लंडनमध्ये सर्वतोमुखी होती. अरबी जगाशी क्रूसोचा संबंध पुस्तकाबाहेर शोधण्याची आवश्यकताही नाही, कारण बेटावर पोहोचण्यापूर्वी तो मोरोक्कोतील सले येथे गुलाम असतो, झुरी नावाच्या मुलाला घेऊन निसटतो, आणि ज्याने त्याची साथ दिली त्या झुरीला पोर्तुगीज कप्तानाला विकतो. त्याचे जहाज फुटते तेही आफ्रिकेतून गुलाम आणण्यास निघालेले असते. हय्यजवळ काहीही नव्हते. क्रूसो मात्र फुटलेल्या जहाजावर पुन:पुन्हा जाऊन सुताराची पेटी, बंदुका, दारूगोळा, धान्य, कागद, शाई आणि बायबल किनाऱ्यावर आणतो, आणि आपल्या दैवाचा हिशेब जमा-नावेच्या दोन रकान्यांत मांडतो. अठ्ठावीस वर्षांत ते बेट त्याची मालमत्ता होते आणि तेथे आलेला दुसरा माणूस त्याचा चाकर होतो. वसाहतींच्या शतकांना ही कथा इतकी मानवली याचे कारण तिच्या या अर्ध्या भागात आहे. परंतु एकटेपणाची भीती, वाळूतल्या एका पावलाच्या ठशाने उडालेली झोप आणि स्वतःच्या हाताने केलेल्या ओबडधोबड मडक्याचा आनंद हा तिचा दुसरा अर्धा भागही खरा आहे, आणि पहिल्यासाठी तो नाकारणे अन्यायाचे होईल.

डिफोच्या दोनशे वर्षे आधी गोव्याच्या मातीतून एक खराखुरा बेटवासी निघाला होता, त्याची हकीकत गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने दिली आहे. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा घेतला. मागे ठेवलेल्या शिबंदीतील फर्नांव लोपिश आणि त्याचे काही सोबती आदिलशाही पक्षाला मिळाले आणि मुसलमान झाले. १५१२ मध्ये बाणस्तारीच्या किल्ल्याचा पाडाव झाला तेव्हा आदिलशाही सेनापती रसूलखानाने त्यांना जीव न घेण्याच्या अटीवर स्वाधीन केले. अल्बुकर्कने जीव घेतला नाही, परंतु त्यांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटला. काही वर्षांनी पोर्तुगालला परतताना जहाज पाण्यासाठी दक्षिण अटलांटिकमधील निर्मनुष्य सेंट हेलेना बेटावर थांबले, आणि लोपिश झाडीत लपला तो परत आलाच नाही. खलाशांनी बिस्किटे, सुके मांस, विस्तव आणि जुने कपडे किनाऱ्यावर ठेवले आणि जहाज निघून गेले. पुढे एका जहाजावरून पाण्यात पडलेला कोंबडा त्याने वाचविला. तो त्याच्या मागेमागे फिरे आणि रात्री त्याच्याच गुहेत झोपे. जहाजे येऊ लागली की लोपिश लपत असे, परंतु ती त्याच्यासाठी बियाणे आणि जनावरे ठेवून जात, आणि एका हाताने, तोही अंगठ्यावाचून, त्याने त्या बेटावर बागा उभ्या केल्या. एकदा त्याला लिस्बनला नेण्यात आले, रोमला जाऊन त्याने पोपकडून पापमुक्ती मिळविली, आणि वर मागितला तो पुन्हा त्याच बेटावर जाण्याचा. सुमारे तीस वर्षांच्या वास्तव्यानंतर १५४५ च्या सुमारास तो तेथेच वारला. क्रूसोला बेटावर परिस्थितीने टाकले, लोपिशने बेट निवडले. माणसांनी त्याचे जे केले त्यानंतर त्याची निवड समजण्यासाठी कोणत्याही तत्त्वज्ञानाची मदत लागत नाही.

दरम्यान दख्खनच्या आत ही कथा दक्खिनीतून वाढत होती. दक्खिनी म्हणजे बहमनी काळापासून पठारावर बोलली आणि लिहिली गेलेली, फारसी लिपीतील जुनी हिंदवी. मराठीशी तिची देवघेव इतकी निकटची की ‘नको’सारखा शब्द तिचा स्वतःचा झाला. गोवळकोंड्याच्या कुत्बशाही दरबारातील गव्वासी या कवीने १०३५ हिजरीत, म्हणजे १६२५-२६ मध्ये, ‘सैफुलमुलूक व बदीउलजमाल’ हे काव्य पूर्ण केले. अरबी कथेवर आधारलेल्या या काव्यातला मिसरचा राजपुत्र परीच्या तसबिरीवर भाळून समुद्रावर निघतो, जहाज फुटते, जिवलग मित्र साएदपासून ताटातूट होते आणि जंग्यांच्या, म्हणजे हबशांच्या, बेटावर तो कैदेत पडतो. विजापूरच्या नुसरतीच्या १६५७ च्या ‘गुल्शन-ए-इश्क’मधला मनोहरही जहाज फुटून एकटाच किनाऱ्याला लागतो, त्याची कथा अवधीतील ‘मधुमालती’वरून आलेली आहे, अरबीवरून नव्हे. संस्कृत-प्राकृताकडून आणि अरबी-फारसीकडून आलेले दोन प्रवाह एका पिढीच्या अंतराने एकाच भाषेत येऊन मिळाले. ही काव्ये रचली जात होती त्या काळात उदगीर, औसा आणि कंधार हे किल्ले दख्खनी शाह्यांकडून मोगलांकडे गेले आणि शाहजहानच्या तेलंगण सुभ्याचे केंद्र नांदेड झाले; सत्ता बदलली तरी दक्खिनी घराघरांत टिकली. पुढे निजामी अमलात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झाली, तेव्हा मीर अम्मनचे ‘बाग-ओ-बहार’ विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्यातला ख्वाजा सगपरस्त भावांच्या कपटाने समुद्रात ढकलला जातो आणि पाठोपाठ उडी घेतलेल्या कुत्र्याच्या शेपटीला धरून सात दिवसांनी किनाऱ्याला लागतो. नांदेड-लातूरकडील उर्दूत शिकलेल्या पिढ्यांच्या मनात जहाज फुटलेल्या माणसाची प्रतिमा क्रूसोआधी या ख्वाजाची होती, असे मानणे सयुक्तिक ठरते.

मराठीत सिंदबाद पुण्याकडून आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले, विष्णुशास्त्र्यांनी पुढे चालविलेले आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर इंग्रजीवरून झाले. म्हणजे चौल-सोपाऱ्याला येणाऱ्या खलाशांच्या गोष्टी बगदाद, पॅरिस आणि लंडन असा फेरा घेऊन महाराष्ट्रात परतल्या. बैरूतमध्ये बुत्रुस अल-बुस्तानीने १८६१ साली क्रूसोचे अरबी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा उलट दिशेचा प्रवासही पूर्ण झाला होता. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र ही कथा मराठी आणि उर्दू-दक्खिनी अशा दोन्ही दारांनी आली, आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर शिक्षणाची भाषा बदलली तशी उर्दू-दक्खिनीची बाजू नव्या पिढ्यांच्या वाचनातून निसटू लागली. ती धरून ठेवण्याचे काम ज्या थोड्या मराठी अभ्यासकांनी केले त्यांत लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी अग्रभागी येतात. फारसी आणि उर्दू साधनांवर त्यांची सारखी पकड होती आणि सूफी संप्रदायापासून उर्दू काव्यापर्यंत अनेक विषय त्यांनी मराठीत आणले. देवीसिंग चौहान यांनी दक्खिनी आणि मराठी यांच्या नात्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सैफुलमुलूकची कथा देवनागरीत वाचताना मराठी वाचकाला शब्दकोश फार वेळा उघडावा लागत नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात अजिंठ्याचा सिंहल, सोपाऱ्याचा लोभदेव आणि गव्वासीचा राजपुत्र हे तिघे एकाच तासाला शिकविले जावेत इतके ते एकमेकांचे सोयरे आहेत; आज ते प्राचीन इतिहास, प्राकृत आणि उर्दू अशा तीन वेगवेगळ्या विभागांच्या कपाटांत आहेत.